समुद्रकाठच्या बंगल्यात शनिवार-रविवार: आधी भरती बघा, मग बुकिंग करा

अलिबाग, नागाव, किहीम, आवास या पट्ट्यात चांगला बंगला मिळत नाही ही तक्रार आता जुनी झाली. स्वतंत्र स्विमिंग पूल, समुद्राकडे तोंड असलेला व्हरांडा, हाताखाली केअरटेकर, पानात ताजी मासळी, सगळं मिळतं आणि त्याचे पैसेही तसेच मोजावे लागतात. तरी रविवारी रात्री वडखळजवळ गाडीत बसून कुरकुरणारी मंडळी दर आठवड्याला असतात. तक्रारीही ठरलेल्या: समुद्र बघायला गेलो तर नुसता ओला चिखल, रात्री एसी बंद, मासळी संपली, अर्धा शनिवार रस्त्यात.

यातलं बरंचसं क्रम चुकल्यामुळे होतं. लोक फोटो बघून बंगला धरतात, पैसे भरतात आणि त्यानंतर तारीख, बोट, जेवण यांचा विचार करतात. क्रम असा हवा: तिथी, परतीचा प्रवास, बंगला, पैसे, जेवण. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांसाठी तोच खाली टप्प्याटप्प्याने दिला आहे.

## टप्पा १: तारीख तिथी बघून ठरवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. अलिबागचे किनारे सपाट आहेत. भरतीला पाणी सुरूच्या बनाजवळ येतं आणि ओहोटीला इतकं आत जातं की बंगल्यातून दिसते ती काळपट ओली वाळू आणि लांबवर एक चमकती रेघ. जाहिरातीतले फोटो अर्थातच भरतीचे असतात.

दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब इथे छान चालतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास पुढे-मागे, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा. अर्ध्या-पाऊण तासाची चूक गृहीत धरा. तारीख ठरवायला एवढं पुरतं. पाण्यात उतरायच्या किंवा अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यावर जायच्या वेळेसाठी मात्र त्या तारखेचं भरतीचं कोष्टकच बघायचं.

आता तुम्हाला काय हवंय ते बघा.

संध्याकाळी चहाचा कप हातात आणि समोर भरलेला समुद्र हवा असेल, तर शनिवार सप्तमी ते नवमीच्या आसपास येईल असा धरा. कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं असेल तर तृतीया ते पंचमी बरी; सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी मिळते, ऊनही सोसवतं. अष्टमीला भर दुपारी ओहोटी येते, आणि तो भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी असण्याचा काळ असल्यामुळे पाणी फार आत जात नाही, किल्ल्याची वाट पुरती कोरडी होईलच असं नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भर दुपारी पाणी अगदी वर, आणि सूर्यास्ताला समुद्र पार लांब. गंमत म्हणजे लोक ‘पौर्णिमेचं चांदणं समुद्रावर’ म्हणून हाच शनिवार पकडतात आणि संध्याकाळी समुद्र कुठे गेला म्हणून केअरटेकरला विचारत बसतात.

तपासा: निवडलेल्या शनिवारी संकष्टी, एकादशी किंवा घरातल्या कुणाचा उपास आहे का? श्रावण आहे का? मासळीसाठी निघालेल्या दहा जणांत सहा जण साबुदाण्यावर असले, तर पैसे आणि मूड दोन्ही गेले.

सावधान: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजं पापलेट’ म्हणून पानात जे येतं ते बहुतेक बर्फातलं असतं. पावसाळ्यात जायला काहीच हरकत नाही, वाड्या तेव्हाच सर्वात देखण्या दिसतात. फक्त समुद्रात उतरणं आणि पापलेट या दोन अपेक्षा घरी ठेवून जा.

## टप्पा २: आधी परतीची जागा पक्की करा

जाण्याचं काय, शनिवारी पहाटे उठलं की जमतं. अडतं ते येताना. म्हणून बंगल्याला आगाऊ रक्कम पाठवण्याआधी परतीची बोट बघा.

मुंबईकरांना तीन वाटा आहेत. गेटवेहून मांडव्याला कॅटामरान; साधारण तास लागतो आणि पुढे अलिबागपर्यंतची बस बऱ्याचदा त्याच तिकिटात असते. सामान कमी आणि माणसं चार असतील तर हे उत्तम, पण ही सेवा साधारण मेअखेरीपासून पावसाळाभर बंद असते. दुसरी, भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो. गाडी सोबत नेता येते, पावसाळ्यातही ती चालते, पण हवा बिघडली की फेरी रद्द होते. तिसरी, रस्ता. अटल सेतूमुळे शिवडी ते चिर्ले हा भाग झटपट उरकतो. पुढची पेण-वडखळ-पोयनाडची रांग मात्र त्याने कमी होत नाही. पुण्याहून येणाऱ्यांनी द्रुतगती मार्गाने खोपोली आणि तिथून पेण धरायचं, म्हणजे वडखळ त्यांनाही चुकत नाही.

बंगला कुठल्या बाजूला आहे त्यावर वाट ठरते. आवास, सासवणे, किहीमसाठी मांडवा जवळ. रो-रोसारखं सुख नाही. नागाव, आक्षी, रेवदंड्यासाठी मांडव्याहून चोंढी, मग अलिबाग गाव, मग पुढे असं सगळं ओलांडावं लागतं. ‘मांडव्याहून जवळच’ असं मालक सांगतो तेव्हा गावाचं नाव विचारून नकाशावर स्वतः अंतर बघा.

तपासा: रविवारी दुपारी चारनंतरची रो-रो सर्वात आधी भरते. ती मिळत नसेल तर सकाळची घ्या किंवा सोमवारी पहाटेची. यातलं काहीच जमत नसेल तर तारीख बदला. बंगला अजून बुक झालेला नाही, म्हणून हे आता सोपं आहे.

रस्त्याने परतणार असाल तर रविवारी सकाळी अकराच्या आत बाहेर पडा, नाहीतर सरळ रात्रीचं जेवण उरकून निघा. दुपारी तीन ते रात्री नऊ हा काळ वाईट.

## टप्पा ३: बंगला निवडताना

‘सी फेसिंग’, ‘सी व्ह्यू’, ‘बीच टच’, ‘बीचपासून दोन मिनिटं’ या चार शब्दांचे अर्थ मालकागणिक बदलतात. या भागात बहुतेक ठिकाणी रस्त्यामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीमागे सुरूचं बन आणि त्यापुढे वाळू अशी रचना आहे. बंगला वाडीत असला की समुद्राचा आवाज येतो, समुद्र दिसत नाही. वाडीतला बंगला वाईट नव्हे. मला विचाराल तर एप्रिल-मेमध्ये तोच बरा, कारण सावली असते. पण समुद्र दिसण्याचे जादा पैसे वाडी बघायला देऊ नका.

फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल मागा. केअरटेकरला व्हरांड्यात उभं राहून फोन समुद्राकडे धरायला सांगा, मग तसंच चालत फाटकातून वाळूपर्यंत जायला सांगा. दोन मिनिटं की बारा, मध्ये दुसऱ्याची भिंत आहे की गटार, सगळं कळतं. जो मालक याला टाळाटाळ करतो तो बंगला सोडा.

त्याच कॉलवर पुढचं विचारून घ्या:

वीज गेली तर एसी चालतो का? ‘बॅकअप आहे’ या उत्तरावर थांबू नका. बॅकअप म्हणजे बहुधा इन्व्हर्टर, त्यावर दिवे आणि पंखे चालतात. एसीसाठी जनरेटर लागतो, आणि असला तर डिझेलचे पैसे कुणाचे हेही लगेच विचारा.

नळाला पाणी कसलं? किनाऱ्यालगत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असू शकतं. साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. पिण्याच्या पाण्याचे जार किती आणि ते भाड्यात धरलेत का?

पूल किती खोल आहे, भोवती कठडा किंवा जाळी आहे का, पाणी शेवटचं कधी साफ केलं? लहान मुलं असतील तर पूल उघड्या अंगणात, बैठकीच्या दारासमोरच असलेला बंगला मी तरी घेणार नाही, कितीही देखणा असो.

खोल्या किती आणि पलंग किती? ‘बारा जण आरामात’ याचा अर्थ आठ जण पलंगावर आणि चौघं हॉलमधल्या गाद्यांवर असा असतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर तळमजल्यावर संडास-बाथरूमसह खोली आहे ना, कमोड आहे ना, हे वेगळं विचारा.

कुत्रा नेणार असाल, बाहेरचा आचारी नेणार असाल, वाढदिवसाची सजावट करणार असाल, तर आधी सांगा. गेल्यावर सांगितलं की दर बदलतो.

सावधान: नकली बंगल्यांच्या जाहिराती या भागात नव्या नाहीत. दुसऱ्याच बंगल्याचे फोटो, बाजारभावापेक्षा बराच कमी दर, ‘अजून दोन पार्ट्या विचारतायत, लगेच पाठवा’ अशी घाई, ही लक्षणं. गूगल मॅप्सवर जागा आणि वेगवेगळ्या वर्षांतले अभिप्राय बघा, आणि यूपीआयवर पैसे पाठवताना दिसणारं नाव मालकाच्या नावाशी जुळतंय का ते बघा. फसलातच तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० क्रमांकावर लगेच कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

## टप्पा ४: पैशांचं लिखित स्वरूपात

फोनवर ठरलेलं सगळं एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहून मालकाला पाठवा आणि त्याच्याकडून ‘बरोबर’ असं उत्तर घ्या. मेसेजमध्ये हे असावं: तारखा, येण्या-जाण्याच्या वेळा, माणसांची संख्या (मुलं वेगळी), एकूण रक्कम करासह, आगाऊ किती दिले, डिपॉझिट किती आणि कधी परत, जेवण धरून की वेगळं, आणि रद्द केलं तर काय.

कराचा मुद्दा इथेच सोडवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या दराला १८ टक्के. मालक खोलीगणिक दर लावतो की पूर्ण बंगल्याचा एक आकडा, यावर हिशेब पालटू शकतो. म्हणून टक्क्यांवर वाद न घालता ‘सगळं मिळून हातात किती द्यायचे’ तो आकडा घ्या.

रद्द करण्याच्या अटीत एक ओळ जोडायला सांगा: हवामानामुळे बोट किंवा रस्ता बंद झाला तर तारीख बदलून मिळेल. बहुतेक मालक याला तयार होतात. तोंडी विचारलं तर ‘बघू हो’ म्हणतात, आणि ‘बघू हो’ला जून महिन्यात काही किंमत नसते.

परदेशी पासपोर्टवरचे नातेवाईक सोबत असतील तर तेही आधी सांगा. अशा पाहुण्याची माहिती मालकाला २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाची) प्रत लागते. अमेरिकेतून आलेला भाचा आपलाच असला तरी नियमाला तो परदेशीच.

## टप्पा ५: जेवण गुरुवारीच ठरवा

शनिवारी दुपारी पोहोचून ‘मावशी, काय काय मिळेल?’ असं विचारलं तर जे उरलंय तेच मिळतं. मासळी सकाळच्या बाजारातून येते, सांगणाऱ्यांची आधी येते. गुरुवारी किंवा फार तर शुक्रवारी सकाळी केअरटेकरला फोन करून शनिवार दुपार, रात्र आणि रविवार सकाळ अशा तिन्ही वेळचं सांगून टाका.

सांगताना ‘फिश थाळी दहा’ असं सांगू नका. मासा, प्रकार आणि अंदाज सांगा: सुरमईच्या तुकड्या तळलेल्या, कोलंबीचं कालवण, कुणाला बोंबील. जिताडा मिळत असेल तर तो जरूर घ्या. या रायगडच्या पट्ट्यात पापलेटपेक्षा त्याचा मान मोठा, आणि शेततळ्यातला असल्यामुळे तो समुद्रावर अवलंबून नसतो. मासळीचा भाव रोज बदलतो, म्हणून ‘बाजारभाव अधिक करणावळ’ असं ठरवा आणि कमाल रक्कम सांगून ठेवा. शाकाहारी किती, वेगळी भांडी लागतील का, हेही त्याच फोनवर.

डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर शनिवारी रात्री पोपटी सांगा. त्याला तयारी लागते, ऐनवेळी होत नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला लावलेलं चिकन, अंडी, बटाटे, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ लावायचा. जाळ लावायची जागा मोकळी हवी, सुरूच्या वाळक्या पानांवर नको. हे काम तिथल्याच माणसाला करू द्या. शहरातून गेलेले उत्साही लोक मडकं मध्येच उघडून बघतात आणि शेंगा कच्च्या राहतात.

तपासा: शनिवारी ड्राय डे तर नाही ना? असला तर बंगल्यावर कुणाकडून काही मागवण्याच्या भानगडीत पडू नका.

## टप्पा ६: बॅग

थोडक्यात: टॉर्च, डास पळवायचं मलम, वाळूत चालायच्या जुन्या चपला, पुलासाठी नायलॉनचे कपडे (सुती कपड्यांना बऱ्याच ठिकाणी मनाई असते), सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं, नेहमीची औषधं, थोडी रोकड. मोबाइलची रेंज वाडीत दगा देते तेव्हा यूपीआयवर सगळा भरवसा नको.

## टप्पा ७: पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

सामान उतरवायच्या आधी एकाने फोन घेऊन पूर्ण बंगला व्हिडिओत टिपायचा. फुटलेली टाइल, सोफ्यावरचा डाग, टीव्हीचा ओरखडा, तुटलेलं बेसिनचं झाकण. व्हिडिओ लगेच मालकाला पाठवा. डिपॉझिटवरून होणारी भांडणं या एका गोष्टीने जवळजवळ संपतात.

दुसऱ्याने तोपर्यंत सगळे एसी, गीझर आणि फ्लश चालू करून बघायचे. बिघाड असेल तर दुपारी एकला सांगितला तर माणूस येतो. रात्री अकराला सांगितला तर सोमवारी येतो.

गाडी नारळाखाली लावू नका, मुलांची खाटही तिथे टाकू नका. केअरटेकरला दोन गोष्टी विचारा: जवळचा डॉक्टर कुठला, आणि रात्री इथे कोण असतं? अलिबाग गावात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८.

## टप्पा ८: समुद्रात उतरताना

पाणी चढत असताना, कमरेच्या आत, दिवसाउजेडी. ओहोटी लागली की बाहेर. उतरतं पाणी पायाखालची वाळू नेतं आणि माणसालाही आत ओढतं, पोहता येणाऱ्यालाही. दारू पिऊन पाण्यात जाणारे दर वर्षी कुणीतरी असतात, आणि त्यांची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते.

सपाट किनाऱ्याचा आणखी एक धोका कमी लोकांना ठाऊक असतो. भरती समोरून येते तशी मागूनही येते. वाळूच्या उंचवट्यामागच्या खोलगट चरात आधी पाणी भरतं, आणि फोटो काढत पुढे उभ्या असलेल्यांना परत फिरल्यावर ते दिसतं. कुलाबा किल्ल्यासाठी नियम असा ठेवा: पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं, ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत. किल्ल्यात वेळ विसरायला होतं, म्हणून फोनमध्ये गजर लावा. स्थानिक माणूस ‘आता नको’ म्हणाला तर ऐका, त्याच्याशी कोष्टकावरून वाद घालू नका.

सावधान: गाडी वाळूवर नेऊ नका. वरून टणक दिसणारी वाळू खाली ओली असते. चाक रुतलं, जोर दिला, आणखी रुतलं, आणि तोवर भरती लागली; ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी. फोर-बाय-फोरवाल्यांचीही यातून सुटका नाही.

पावसाळ्यात किनाऱ्यावर निळसर फुग्यांसारखे जेलीफिश येतात. मेलेले दिसले तरी डंख लागतो. लागलाच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू उघड्या हाताने न काढता चिमट्याने काढा आणि डॉक्टर गाठा.

## टप्पा ९: रात्र

लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. बंगला खासगी आहे म्हणून तो सुटत नाही. शेजारच्या वाडीत माणसं राहतात, त्यांना पहाटे कामावर जायचं असतं. मालकाने ‘चालतं हो’ म्हटलं तरी पोलिस आले की उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

रात्री वाडीत चालताना टॉर्च आणि पायात बूट. पूल कितीला बंद हे मुलांसमोर जाहीर करा आणि शेवटी झोपणाऱ्या मोठ्या माणसाने पुलाकडचं दार लावूनच झोपायचं. ही जबाबदारी नाव घेऊन एकावर टाका. ‘कुणीतरी बघेल’ म्हटलं की कुणीच बघत नाही.

## टप्पा १०: निघताना

चेकआउट बहुधा अकराला असतं. साडेनऊला नाश्ता मागितलात तर दहाला तो येतो आणि मग सगळी धावपळ. नाश्ता आठचा सांगा, जेवणाचं बिल शनिवारी रात्रीच मागून तपासा, मासळीच्या हिशेबात काही शंका असेल तर मावशी समोर असतानाच विचारा.

बक्षिशी एकाच्या हातात देऊन ‘वाटून घ्या’ म्हणू नका. स्वयंपाक करणाऱ्या मावशी, केअरटेकर दादा आणि झाडलोट करणारा, प्रत्येकाला वेगळी द्या.

डिपॉझिट फाटकातून बाहेर पडायच्या आधी खात्यावर जमा झालं पाहिजे. ‘संध्याकाळी पाठवतो’ला मान्यता देऊ नका, केअरटेकरबरोबर बंगल्यात एक फेरी मारा, त्यालाच मालकाला फोन लावायला सांगा, आणि पैसे आल्यावर गाडी सुरू करा. रो-रोला गाडी चढवायची असेल तर या सगळ्याला लागणारा वेळ धरून सुटण्याच्या पाऊण तास आधी मांडव्याला पोहोचा. पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्यायच्या असतील तर त्या शनिवारीच घेऊन ठेवा. रविवारी दुपारी रस्त्याकडेला गाडी थांबवून घासाघीस करण्यात बोट चुकते.